द्रावकाविना काढलेली राळ: हॅश, रोझिन आणि ते वापरण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती कायद्यानं परवानगी असलेल्या ठिकाणी राहते आणि आजवर गांजाचं फूल व्हेपोरायझरमधून, म्हणजे ते न जाळता तापवून वाफ देणाऱ्या उपकरणातून, घेत आली आहे. आता तिला कॉन्सन्ट्रेटकडे, म्हणजे फुलातली राळ एकवटून केलेल्या मालाकडे, वळायचं आहे. दुकानातल्या डब्यांवर ‘बबल हॅश’, ‘लाइव्ह रोझिन’, ‘सॉल्व्हेंटलेस’, ‘सॉल्व्हेंट-फ्री’ असं काय काय लिहिलेलं दिसतं. यात फरक काय, सॉल्व्हेंटलेस म्हणजे जास्त सुरक्षित का, आणि ते घ्यायचं कसं?

मी बारा वर्षं एका परवानाधारक उत्पादकाकडे हॅश धुतो आणि रोझिन दाबतो. यातला सुरक्षिततेचा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि त्यामागचा समजही तोच असतो: रसायन वापरलेलं नाही म्हणजे माल शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे सौम्य. दोन्ही खरं नाही. ‘सॉल्व्हेंटलेस’ हा शब्द फक्त माल कसा काढला ते सांगतो. तो चांगला आहे का, स्वच्छ आहे का, तुम्हाला झेपेल का, हे त्या शब्दात नाही.

मुळापासून सांगतो. गांजाचं पिकलेलं फूल भिंगाखाली धरा. पानापाकळ्यांवर काचेच्या टाचण्या रोवल्यासारखं दिसेल: बारीक दांडा आणि वर गोल डोकं. हे ट्रायकोम. डोक्याचा व्यास साधारण ५० ते १२० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास. झाडात जे काही कामाचं आहे, टीएचसीए (तापल्यावर यातूनच नशा आणणारं टीएचसी तयार होतं), सीबीडीए (त्याचं नशा न आणणारं भावंड) आणि वास देणारी टर्पीन, ते बहुतांशी या इवल्या डोक्यात, एका पातळ पापुद्र्याखाली साठलेलं असतं. उरलेलं फूल म्हणजे पान, देठ, मेण आणि हरितद्रव्य.

ही राळ मिळवायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे ब्युटेन, प्रोपेन किंवा इथेनॉल अशा द्रावकात ती विरघळवायची आणि मग द्रावक उडवून टाकायचं. दुसरी म्हणजे काहीही न विरघळवता डोकी अख्खीच्या अख्खी झाडापासून सोडवायची, किंवा उष्णता आणि दाब देऊन त्यातली राळ पिळून काढायची. दुसऱ्या वाटेचा माल तो सॉल्व्हेंटलेस. काही जण लगेच म्हणतात, अहो, पाणीसुद्धा द्रावकच की! बरोबर आहे, पण राळ पाण्यात विरघळत नाही. आमच्या कामात पाणी फक्त वाहून नेतं आणि थंड ठेवतं.

‘सॉल्व्हेंट-फ्री’ हे मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि लोक फसतात ते इथेच. ब्युटेननं काढलेल्या अर्कातून ब्युटेन पुरतं उडवलं की त्यावर ‘सॉल्व्हेंट-फ्री’ असं लिहिलेलं आढळतं. आता त्यात द्रावक उरलेलं नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. काढताना वापरलंच नाही, असा त्याचा अर्थ नाही. माल वाईट असेलच असं नव्हे, पण रोझिनचे पैसे मोजून तो घरी आणू नका. डब्याच्या मागच्या बाजूला काढण्याची पद्धत लिहिलेली असते, ती वाचा.

सॉल्व्हेंटलेस ही काही नवी चैन नाही. हिमालयाच्या उतारांवर ओली फुलं तळहातांत चोळून जमवलेला चरस हा याच कुळातला. अफगाणिस्तान, लेबनॉन आणि मोरोक्कोत वाळलेलं झाड कापडावर किंवा चाळणीवर झटकून हशीश काढायची रीत आहे. चरसात हाताचा घाम, मळ आणि पानांचा चुरा येतोच, म्हणून तो काळा आणि चिवट असतो. चाळलेला माल कोरडा, वाळूसारखा आणि फिका असतो. त्यालाच कीफ म्हणतात. १९९४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मिला यान्सेन यांनी फिरत्या पिंपाचं ‘पोलिनेटर’ हे यंत्र आणलं आणि चाळण्याचं काम हातातून यंत्राकडे गेलं. पुढे बर्फ-पाणी आणि जाळीच्या पिशव्यांची पद्धत रुळली. आजचं बबल हॅश ते हेच.

बर्फ-पाण्याचं तत्त्व साधं आहे. थंडीत ट्रायकोमची मान ठिसूळ होते. पाणी गोठणबिंदूच्या जवळ आणून फुलं हलक्या हातानं ढवळली की डोकी तुटतात आणि पाण्यापेक्षा जड असल्यानं खाली बसतात. मग ते पाणी एकाखाली एक लावलेल्या पिशव्यांतून जातं. वरची जाळी २२० मायक्रॉनची, ती पानं अडवते. त्याखाली १६०, १२०, ९०, ७३, ४५ आणि तळाला २५. बहुतेक वाणांत सगळ्यात देखणा माल ७३ ते १२० च्या दरम्यान सापडतो. त्याहून बारीक जाळीत तुटकी डोकी आणि दांड्यांचे तुकडे जास्त येतात.

पहिली धुवण झाल्यावर ९० ची पिशवी उचलण्याचा क्षण मला अजून आवडतो. पाणी निथळतं आणि तळाशी ओल्या वाळूसारखा फिक्कट पिवळसर थर उरतो. चमच्यानं ओढला की तो करकरतो. चांगला माल असेल तर तळहाताच्या उबेनंच त्याला तेलकट चकाकी येते. हिरवट झाक दिसली की समजायचं, ढवळणारा हात जड पडला आणि पान फुटलं. पुढे कितीही कौशल्य लावा, ती हिरवट चव जात नाही.

यानंतरचा टप्पा ग्राहकाला दिसत नाही, पण सगळं त्यावर अवलंबून असतं. तो म्हणजे वाळवणं. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे फ्रीज-ड्रायर, म्हणजे गोठवून वाळवणारं यंत्र, नव्हता. गोठवलेला हॅश किसणीनं किसून पुठ्ठ्यावर पसरायचा आणि थंड खोलीत दिवस दिवस ठेवायचा. एकदा मी घाई केली. वरून कोरडा लागला म्हणून माल डब्यात भरला. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर तळघरासारखा कुबट वास आला. डोळ्यांना बुरशी दिसत नव्हती, पण तपासणीत निघाली, आणि तो सगळा घाणा नष्ट करावा लागला. रसायनाचा एक थेंबही त्याला लागला नव्हता. पूर्ण सॉल्व्हेंटलेस होता तो, आणि कुणाच्याही फुप्फुसात जाण्याच्या लायकीचा नव्हता.

म्हणून तुमच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाचं उत्तर असं की प्रयोगशाळेत तपासलेला ब्युटेनचा अर्क मी न तपासलेल्या रोझिनपेक्षा केव्हाही पसंत करेन. राळ एकवटते तशी झाडावर फवारलेली अनेक कीटकनाशकं आणि बुरशीनाशकंही तिच्यासोबत एकवटतात, कारण तीही तेलात मुरणारी असतात. मायक्लोब्युटानिल नावाचं एक बुरशीनाशक तापवल्यावर हायड्रोजन सायनाइड वायू सोडतं. बर्फाच्या पाण्यानं ते धुवून निघेल अशी आशा धरू नका. डब्यावरचा बॅच क्रमांक घ्या, तपासणी अहवाल मागा आणि त्यात कीटकनाशकं, बुरशी व जिवाणू, जड धातू हे रकाने बघा. टीएचसीच्या टक्केवारीकडे मी सगळ्यात शेवटी बघतो.

हॅशची प्रत एक ते सहा ताऱ्यांत सांगण्याची पद्धत आहे. ती कुठल्या सरकारी संस्थेची नाही, कारागिरांची आहे, त्यामुळे दुकानदाराचे सहा तारे आणि माझे सहा तारे जुळतीलच असं नाही. पण कसोटी सरळ आहे: तापल्यावर तो किती वितळतो आणि मागे किती उरतं. पाच-सहा ताऱ्यांचा माल पूर्ण वितळतो, बुडबुडे येतात आणि जवळपास काहीच उरत नाही. तीन-चार ताऱ्यांचा अर्धवट वितळतो. तो रोझिन दाबायला किंवा फुलावर भुरभुरायला उत्तम. एक-दोन ताऱ्यांचा खाण्याच्या पदार्थांत घालतात.

रोझिन म्हणजे याच हॅशला बारीक जाळीच्या पिशवीत भरून दोन तापलेल्या पट्ट्यांमध्ये दाबणं. तापमान साधारण ७० ते ९५ अंश सेल्सिअस. राळ पातळ होऊन बेकिंगच्या कागदावर मधासारखी वाहते आणि पापुद्रे व दांडे पिशवीत राहतात. फूल थेट दाबूनही रोझिन निघतं. ते स्वस्त पडतं, पण त्यात मेण आणि पानाची चव जास्त येते. ‘लाइव्ह’ शब्दाचा अर्थ एवढाच की झाड कापल्याबरोबर न वाळवता गोठवलं आणि ते गोठलेलं फूल धुतलं. वाळताना उडून जाणारे हलके सुवास त्यात टिकतात. ‘लाइव्ह’ म्हणजे जास्त चढणारं, असं मुळीच नाही.

ताजं दाबलेलं रोझिन काचेसारखं पारदर्शक असतं. ते बरणीत बंद करून थंड जागी ठेवलं की काही दिवसांत टीएचसीएचे बारीक स्फटिक धरू लागतात आणि सगळा गोळा लोण्यासारखा मऊ, अपारदर्शक होतो. याला कोल्ड क्युअर म्हणतात. बरणी उबेत ठेवली तर स्फटिक आणि पातळ रस वेगळे होतात, तो जॅम. या सगळ्यांत पोत वेगळा, हाताळणी वेगळी. मूळ माल एकच. नवख्याला मी कोल्ड क्युअर सुचवतो, कारण तो चिकटत नाही आणि छोटा कण उचलता येतो. रंगाच्या मात्र मागे लागू नका. फिका माल बहुधा ताजा असतो हे खरं, पण काही वाणांची राळच गडद असते. वास घ्या. जिवंत, टोकदार वास रंगापेक्षा जास्त खरं बोलतो.

आता वापराकडे, आणि आधी हिशोब. फुलात टीएचसी साधारण १५ ते २५ टक्के असतं. चांगल्या रोझिनमध्ये ६५ ते ८० टक्के. अहवालात बहुतेक आकडा टीएचसीएचा असतो. टीएचसीए स्वतः चढत नाही. तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं, म्हणून ०.८७७ नं गुणायचं. ७० टक्के टीएचसीए असलेल्या एक ग्रॅम रोझिनमध्ये ७०० गुणिले ०.८७७, म्हणजे सुमारे ६१४ मिलिग्रॅम टीएचसी. तांदळाच्या दाण्याएवढा कण साधारण २० मिलिग्रॅमचा धरला तर त्यात १२ मिलिग्रॅम झालं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजनं २०२१ मध्ये संशोधनासाठी टीएचसीचं प्रमाण एकक ५ मिलिग्रॅम ठरवलं, ते शेजारी ठेवून बघा. श्वासातून घेताना सगळं रक्तात उतरत नाही हे मान्य. पण फूल ओढताना हा डोस दहा मिनिटांत, झुरक्याझुरक्यानं जातो आणि तुम्हाला मध्येच थांबता येतं. डॅब म्हणजे तापलेल्या वाटीत कॉन्सन्ट्रेटचा कण टाकून त्याची वाफ ओढणं. त्यात तोच डोस एका श्वासात आत जातो. घेतल्यानंतर थांबायला जागाच उरत नाही.

त्यामुळे सुरुवात मोहरीच्या दाण्याहून लहान कणानं करा आणि किमान पंधरा-वीस मिनिटं दुसरा घेऊ नका. तुमच्याकडे फुलाचा व्हेपोरायझर आहेच, तर सगळ्यात सोपी वाट तीच. भांड्यात अर्ध फूल भरा, त्यावर हॅशचा चिमूटभर चुरा पसरा आणि वर पुन्हा फुलाचा पातळ थर द्या. वितळलेली राळ फुलात मुरते, जाळीत उतरून उपकरण खराब करत नाही. रोझिनसाठी काही उपकरणांबरोबर स्टीलची बारीक जाळीची गादी मिळते, ती वापरा. तीन-चार ताऱ्यांचा हॅश यासाठी पुरेसा आहे. सहा ताऱ्यांचा असा वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

डॅब करायचाच असेल तर तापमान हा सगळा खेळ आहे. क्वार्ट्‌झची वाटी ज्योतीनं लालबुंद करून त्यावर लगेच माल टेकवतात, ते बघून माझा जीव कळवळतो. महिनोन् महिने राखलेले सुवास क्षणात जळतात, आणि नुकसान फक्त चवीचं नसतं. २०१७ मध्ये पोर्टलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी टर्पीन चढत्या तापमानांना तापवून पाहिली. जास्त तापमानाला त्यातून मेथॅक्रोलिन आणि बेन्झीन तयार होताना आढळलं. बेन्झीन कर्करोगकारक आहे. द्रावकाविना काढलेल्या मालातही टर्पीन असतातच, किंबहुना भरपूर असतात, तेव्हा या बाबतीत त्याला काही सवलत नाही. मी २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहतो. थंड वाटीपासून सुरुवात करणं सर्वांत सोपं: गार वाटीत कण ठेवा, झाकण लावा, हळूहळू तापवा, आणि राळ वितळून बुडबुडे येऊ लागले की ज्योत बाजूला करून सावकाश श्वास घ्या. तापमान दाखवणारं विजेवरचं उपकरण असेल तर अंदाजाची गरजच नाही. श्वास छातीत कोंडून धरू नका. त्यानं ठसका लागतो, जास्त काही मिळत नाही. झाल्यावर वाटी कोमट असतानाच कापसाच्या काडीनं पुसा. उरलेला रस सोनेरी असेल तर तापमान बरोबर होतं. काळी खरपुडी धरली असेल तर पुढच्या वेळी कमी तापवा.

खाण्यातून घ्यायचं तर कच्चं रोझिन पोटात घालून फारसं चढणार नाही, आधी तापवून टीएचसीएचं टीएचसी करावं लागतं. काचेच्या छोट्या भांड्यात ११० ते ११५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. बुडबुडे येतात आणि साधारण पाऊण तासात निवत जातात. मग ते कोमट तेलात किंवा लोण्यात नीट घोटा. वरच्या हिशोबानं ०.१ ग्रॅममध्ये ६१ मिलिग्रॅम. त्याचे बारा सारखे भाग केले तर प्रत्येकी पाच. पहिल्यांदा अर्धाच भाग घ्या. असर जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, आणि यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होत असल्यानं तो जास्त खोल आणि लांबलचक असतो, सहा-आठ तासही. ‘काहीच होत नाहीये’ म्हणून तासाभरात दुसरा भाग खाणारे लोकच रात्री घाबरून फोन करतात. घरात मुलं असतील तर असा पदार्थ कुलपात ठेवा, वर ठळक अक्षरांत लिहून.

जास्त झालंच तर बसा किंवा कुशीवर पडा, पाणी प्या, सोबत कुणी ओळखीचं असू द्या. श्वासातून घेतलेलं दोन-तीन तासांत बरंचसं उतरतं. छातीत दुखणं, थांबत नसलेली उलटी, भास किंवा शुद्ध हरपणं यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरकडे जा आणि काय, किती घेतलं ते खरं सांगा. त्या दिवशी गाडी चालवू नका.

काही जणांना मी सरळ नाही म्हणतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, पंचविशीच्या आतली मुलं, हृदयाचा त्रास असणारे, आणि स्वतःला किंवा घरात रक्ताच्या नात्यात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झालेलं असेल ते. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या युरोपातल्या अभ्यासात, १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांत सायकोसिस आढळण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. त्यानं कारण सिद्ध होत नाही, पण १० टक्क्यांना ‘तीव्र’ म्हणणाऱ्या अभ्यासासमोर आपण ७० टक्क्यांबद्दल बोलतो आहोत, हे विसरू नका. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिट्सची किंवा झोपेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. रोज डॅब करणाऱ्यांत सहनशक्ती झपाट्यानं वाढते आणि फूल ‘लागेनासं’ होतं. सकाळी मळमळ, वारंवार उलट्या आणि गरम पाण्यानं अंघोळ केली की बरं वाटणं, ही खूण दिसली तर तो कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस असू शकतो. त्यावरचा खात्रीचा उपाय पूर्ण बंद करणं हाच आहे. माझ्या बरोबरचा एक उत्तम कारागीर याच कारणानं हे काम सोडून गेला.

कायद्याचंही एक वाक्य. फुलाला सूट असली तरी झाडापासून वेगळी काढलेली राळ अनेक कायद्यांत निराळी आणि जास्त गंभीर धरली जाते, आणि सीमा ओलांडताना तर ती कुठेच सोबत नेऊ नये.

तुम्हाला पहिली खरेदी सुचवायची तर अर्धा ग्रॅम तपासलेला, तीन-चार ताऱ्यांचा बबल हॅश घ्या आणि फुलावर टाकून महिनाभर वापरून बघा. रोझिन त्यानंतर. घरी आणल्यावर ते काचेच्या बरणीत, अंधारात आणि फ्रिजमध्ये ठेवा, कारण उजेड, ऊब आणि हवा मिळून टीएचसीचं हळूहळू सीबीएन (फारसं न चढणारं द्रव्य) करतात आणि सुवास घालवतात. सिलिकॉनच्या डब्यात ठेवू नका, तो वास शोषतो. आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या झाकण उघडू नका. बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच राहू द्या, नाहीतर गार राळेवर हवेतलं पाणी धरतं, आणि वाळवायला आम्ही घातलेले सगळे दिवस त्या एका मिनिटात जातात.